तिने न धरलेला उपास

माझी बायको संकष्टीच्या उपासापायी गेली, असं आमच्या नात्यात आणि इथल्या ओळखीच्या मराठी घरांत सगळे समजतात. तसं नव्हतं. त्या दिवशी तिने उपास धरलाच नव्हता. उपासाची गोष्ट माझी. ती मी पहिल्यांदा एका परदेशी नर्सला सांगितली, मग मुलाला, आणि पुढे पाच वर्षं तशीच चालू दिली. मी आता शहात्तर वर्षांचा आहे. जे झालं ते क्रमाने लिहून ठेवतो.

२०११ साली आम्ही दोघं वेलिंग्टनला मुलाकडे राहायला आलो. मुलगा इथे शिकायला आला होता, शिकून नोकरीला लागला, जॉन्सनव्हिलला चढावर घर घेतलं. सून आणि तो दोघंही दिवसभर ऑफिसला, नात शाळेत. घरात आम्ही दोघं. बायकोला मधुमेह होता. आल्यावर वर्षभरात इथल्या डॉक्टरांनी तिची गोळी बदलली आणि आम्हा दोघांना बजावून सांगितलं, या गोळीवर पोट रिकामं ठेवायचं नाही, उपास बंद.

तीस वर्षांचा तिचा संकष्टीचा उपास. चंद्र दिसेपर्यंत चहाखेरीज काही घ्यायची नाही. तो तिने त्या महिन्यापासून सोडला, पण कुणाला सांगितलं नाही. कारण सून. संकष्टीला सून ऑफिसमधून आली की पर्स ठेवून थेट उकड काढायला घ्यायची. सासूने दिवसभर काही खाल्लं नाही म्हणून मोदक अगदी मन लावून करायची. "तिचा हिरमोड कशाला करायचा," बायको म्हणाली. मग आमचा एक चोरटा कार्यक्रम ठरला. संकष्टीच्या दुपारी घर रिकामं झालं की आम्ही उतरून दुकानांपाशी जायचो. तिथल्या बेकरीत ती चीज घातलेला गरम स्कोन, म्हणजे इथला भुसभुशीत छोटा पाव, लोणी लावून खायची. खाऊन झालं की कार्डिगनवरचा चुरा झटकायची आणि म्हणायची, "उगवला बाई चंद्र." भर दुपारी एक वाजता. संध्याकाळी मोदकांसमोर पुन्हा तितक्याच भक्तीने बसायची. हे फक्त मला माहीत होतं.

इटलीचं वेड तिचं. जॉन्सनव्हिलच्या लायब्ररीतून ती चित्रांची पुस्तकं आणायची आणि त्यात मोठ्या शहरांची पानं भराभर उलटून डोंगरावरच्या लहान गावांपाशी थांबायची. मोठं शहर बघायचं असतं, लहान गावात बसता येतं, असं तिचं म्हणणं. २०१४ च्या मे महिन्यात पुण्यात घरचं लग्न होतं. तिथूनच पुढे आम्ही दहा दिवस फ्लॉरेन्सला गेलो. मुक्काम फ्लॉरेन्सला, आणि रोज सकाळी रेल्वेने एका लहान गावाला जाऊन संध्याकाळी परत.

मी छत्तीस वर्षं कारखान्याच्या प्लॅनिंग खात्यात काढली. आलेखाच्या कागदावर मी दहा दिवसांचा तक्ता केला होता. आडव्या ओळीत तास, उभ्या ओळीत गावं. प्रत्येक गावाला गाडीची वेळ, बघायच्या जागा, परतीची गाडी. पूर्ण झालेल्या चौकोनात मी पेन्सिलने तिरकी रेघ मारत असे. स्टेशनवर तिकिटावर यंत्रातून शिक्का मारून घ्यावा लागे, ते काम तिच्याकडे होतं. शिक्का बसला की ती तिकीट डोळ्यांपाशी धरून तपासायची, मग पर्समध्ये ठेवायची.

आणि तिच्याकडे डबा होता. पुण्याहून निघताना बहिणीकडून तिने तिखटमिठाच्या पुऱ्या आणि गुळपापडीच्या वड्या करून आणल्या होत्या. रोज रात्री हॉटेलात ती स्टीलचा डबा भरून माझ्या खांद्यावरच्या पिशवीत ठेवायची.

लुक्का नावाच्या गावाला एक रुंद तट आहे आणि तटावर झाडं आहेत. माणसं तिथे सायकली चालवतात. आम्ही तिथल्या बाकावर बसलो आणि तिने डबा उघडला. शेजारी एक इटालियन म्हातारी बसली होती, नीटनेटक्या कपड्यांतली, केस बांधलेली. बायकोने तिला पुरी दिली. म्हातारीने वास घेतला, खाल्ली, आणि हातवारे करत काहीतरी लांबलचक विचारलं. बायकोने मराठीत ओवा, हळद, तिखट, सगळं सांगितलं. दोघींचं पाच मिनिटं छान चाललं होतं. मी मात्र दुसरीकडे बघत होतो. समोरच्या रस्त्यावर पांढऱ्या कापडाची टेबलं मांडली होती, आमच्या वयाची जोडपी तिथे जेवत होती. आयुष्यभर मी डबा खाल्ला, कारखान्यात, गाडीत, लग्नाच्या प्रवासात. इथे तरी मला त्या टेबलावर बसायचं होतं.

दुसऱ्या दिवशी पिस्तोइया झालं. तिसऱ्या दिवशी प्रातोला इतका पाऊस, की आम्ही स्टेशनच्या छपराखाली दोन तास काढून परत आलो. चौकोन रिकामा राहिला. कारखान्यात एखादा जॉब मागे पडला की आम्ही तो पुढच्या पाळीत भरून काढत असू. मी तेच केलं. पुढच्या दिवशीचा तक्ता बदलला. सकाळी अरेत्सो, दुपारी कोर्तोना, आणि प्रातो आणखी एक दिवस पुढे. बायको म्हणाली, "एक गाव राहिलं तर कुणी पगार कापणार नाहीये तुमचा." मी हसलो आणि रेघा आखत राहिलो.

त्या सकाळी ती न्हाणीघरात असताना मी पिशवीतून डबा काढला आणि कपाटात स्वेटरखाली ठेवला. आज टेबलावर जेवायचं, असं मी ठरवलं होतं. तिला आवडेल असंही वाटलं होतं. पण मी डबा लपवला, हे खरं आहे. नुसता बाहेर काढून ठेवला असता तर तिने विचारलं असतं.

सकाळी तिने गोळी घेतली, कॉफी घेतली, पावाचा एक गोड तुकडा खाल्ला. अरेत्सोचा चौक उतरता आहे, एका बाजूला पायऱ्या आहेत. साडेबाराला आम्ही तिथे होतो. चौकाच्या कडेला छत्र्यांखाली माणसं जेवायला बसत होती. ती म्हणाली, "अहो, आधी खाऊन घेऊ या."

मी म्हणालो, गाडी चुकेल, कोर्तोनाला निवांत बसू. तेव्हा तिने पिशवीत हात घातला.

"डबा कुठंय?"

"हॉटेलात राहिला असेल."

"राहील कसा? मी रात्री भरून ठेवला होता." तिने माझ्याकडे पाहिलं. मी घड्याळ बघत होतो. तिला कळलं. "लाज वाटली होय माझ्या पुऱ्यांची," ती म्हणाली. रागावली नव्हती, गंमत वाटली होती तिला. "चला मग साहेब. आता तुम्हीच घाला जेवायला."

कोर्तोना डोंगरावर आहे आणि स्टेशन पायथ्याशी. वर जायला बस. आमच्यासमोरून बस गेली आणि पुढची पन्नास मिनिटांनी होती. स्टेशनसमोरचं दुकान दुपारचं बंद होतं. आम्ही उन्हात थांबलो. वर पोचलो तेव्हा पावणेतीन वाजून गेले होते. दोन ठिकाणी आत डोकावलो. वेटर टेबलांवरची कापडं गोळा करत होते. स्वयंपाकघर आता संध्याकाळी सातला, असं एकाने बोटं दाखवून सांगितलं. तिसऱ्या ठिकाणी, एका लहान कॉफीच्या दुकानात, काचेमागे सँडविचेस होती. सगळ्यांत डुकराचं मांस. बायकोने दुकानातल्या बाईंना खुणेने विचारलं. बाई चांगल्या होत्या. नुसत्या चीजचं करून देते, दहा मिनिटं, असं त्यांनी दहा बोटं वर करून सांगितलं.

बायको म्हणाली, "बसू या. खाऊन मग जाऊ वर."

वरचं चर्च तक्त्यात होतं. परतीची बस साडेचारची. मी हिशेब केला आणि म्हणालो, "आधी वर जाऊन येऊ. उतरताना खाऊ." बाईंना मी हात हलवून नको म्हटलं. त्या खांदे उडवून मागे वळल्या. ते दुकान, ती काच, काचेवर टेकलेला तिचा हात, हे मला आजही दिवसा डोळ्यांसमोर दिसतं, काही कारण नसताना. दहा मिनिटं.

वर जायची वाट दगडी पायऱ्यांची आहे, वळणावळणाची. ती दोनदा थांबली. वरच्या ओठावर घाम आला होता, आणि इतकं ऊन आता नव्हतं. "मला थरथरतंय," असं ती म्हणाली की मी तिचे हात बघून ओळखलं, ते मला आता नक्की सांगता येत नाही. ती चिन्हं मला माहीत होती. डॉक्टरांनी कागदावर लिहून दिली होती आणि तो कागद घरी फ्रिजवर मीच लावला होता. तिसऱ्यांदा थांबल्यावर तिने भिंतीला हात लावला आणि विचारलं, "चंद्र उगवला का हो?"

योगायोगाने त्या दिवशी संकष्टी होती. मला वाटलं, आमची गंमत करतेय. मी हसलो. "उगवेल, चल," असं म्हणालो. ती गंमत असेल, किंवा साखर उतरल्यामुळे ती भरकटली असेल. कसंही घेतलं तरी ती तिसऱ्यांदा खायलाच मागत होती.

त्यानंतर ती पडली. पडण्याबद्दल मला पुढे लिहायचं आहे.

डोकं पायरीच्या कडेवर आपटलं होतं. अँब्युलन्स आली, आम्हाला फ्लॉरेन्सच्या इस्पितळात आणलं. सगळ्यांनी जे करता येईल ते केलं. इंग्रजी येणाऱ्या नर्सने मला विचारलं, साखर फार खाली होती, शेवटचं कधी खाल्लं होतं? मी तोंड उघडलं तेव्हा खरं सांगायचा माझा विचार होता असं मला वाटतं. बाहेर आलं ते असं, की तिचा उपास होता, धर्माचा. नर्सने डॉक्टरांना ते सांगितलं. डॉक्टरांनी मान हलवली, आणि नर्सने माझ्या दंडावर हात ठेवला. तिच्या चेहऱ्यावर आदर होता. कुणी पुढे काही विचारलं नाही. इतकं सोपं होतं ते.

मुलगा तिसऱ्या दिवशी पोचला. ती शुद्धीवर नव्हतीच. बाहेरच्या बाकावर त्याने मला सगळं विचारलं आणि मी त्याला तेच सांगितलं. मी किती समजावलं, पण ऐकली नाही, हेही जोडलं. चौथ्या दिवशी ती गेली.

आमच्या घरी दरवर्षी दीड दिवसाचा गणपती बसायचा. त्या वर्षापासून मुलाने बंद केला. देव्हारा खोक्यात घालून गॅरेजमध्ये ठेवला. सून एका संध्याकाळी ओट्यापाशी उभी राहून रडली. मी दर महिन्याला मोदक करत राहिले, म्हणून त्यांना उपास सोडवेना, असं ती मला म्हणाली. मी तिच्या समोर बसलो होतो, हातात चहा होता, आणि मी म्हणालो, असं काही मनात आणू नकोस. बास, एवढंच.

बाहेरची माणसं मला जपायची. संकष्टीचा विषय माझ्यासमोर कुणी काढत नसे. बेकरीसमोरून जायचं मी टाळू लागलो. स्टेशनहून आमच्या घराकडे यायला पायऱ्यांची एक वाट आहे, दोन्ही बाजूंना झुडपं आणि मध्ये लोखंडी कठडा. तिथे मला मागे पावलं ऐकू येत. दम लागलेलं माणूस एकेक पायरी चढतं तशी. मी कडेला होऊन थांबायचो, म्हणजे मागचा पुढे जाईल. पुढे कुणी जात नसे. मी थांबलो की तेही थांबायचं. मी ती वाट सोडली आणि रस्त्याने लांबून यायला लागलो. सुनेला सांगितलं, गुडघे दुखतात.

असं २०१९ उजाडलं. नात आता बारा वर्षांची. इथल्या शाळेत दरवर्षी मुलांना भाषण करावं लागतं. विषय आपला आपण निवडायचा. ऑगस्टमध्ये एका दुपारी तिने मला सोफ्यावर बसवलं आणि म्हणाली, "आबा, तू ऑडियन्स. टाइम बघ, तीन मिनिटं हवीत." ती मराठी सगळं समजते, पण बोलते इंग्रजीत, मधे एखादा शब्द मराठीचा. भाषण इंग्रजीत होतं. विषय होता, मोठ्यांनी सांगितलेलं सगळं का मानू नये. दुसऱ्या मिनिटाला आजी आली. माझी आजी प्रेमळ होती, पण तिला वाटायचं की चंद्र दिसेपर्यंत उपाशी राहिलं की देव खूश होतो. ती सुट्टीवर गेली, उपाशीपोटी डोंगर चढली आणि मेली. आजोबा तिला नको म्हणत होते.

मी घड्याळाकडे बघत बसलो. संपल्यावर तिने विचारलं, "वॉज इट ओके? सॅड पार्ट जास्त झाला का?"

मी म्हणालो, तीन मिनिटं वीस सेकंद.

शनिवारी मुलगा तिला पोहायच्या वर्गाला नेतो. त्या शनिवारी मीही गेलो. ती टॉग्ज, म्हणजे पोहायचे कपडे, घालून पाण्यात उतरली आणि आम्ही दोघं वर बाकांवर बसलो. आत उकाडा, क्लोरीनचा वास, मुलांचे आवाज घुमत होते. समोर पाणी असल्यामुळे एकमेकांकडे बघावं लागत नव्हतं. मी सांगायला सुरुवात केली. स्कोनपासून केली. डबा, अरेत्सो, चीजचं सँडविच, चंद्र, सगळं सांगितलं. त्याने मधे तोडलं नाही.

शेवटी त्याने विचारलं, "आई खायचं किती वेळा म्हणाली?"

"तीनदा."

"आणि डबा तुम्ही लपवला."

"हो."

त्याने बाजूला ठेवलेल्या टॉवेलची घडी पुन्हा घातली. मग म्हणाला, "पाच वर्षं मी तिला मूर्ख समजत आलो, बाबा. तिची आठवण आली की मला आधी राग यायचा." एवढं बोलून उठला, टॉवेल घेतला आणि लेक बाहेर यायला अर्धा तास असताना खाली काठाशी जाऊन उभा राहिला.

घरी आल्यावर त्याने मला दोनच गोष्टी सांगितल्या. पोरीला आज सांगा. आणि मावशीला फोन करा, मी करणार नाही.

नातीला मी तिच्या खोलीत जाऊन सांगितलं. तिने लॅपटॉप मिटला. "सो आजी वॉजन्ट फास्टिंग? ॲट ऑल?"

"नाही."

"मग तू असं का सांगितलंस?"

"ती उत्तर द्यायला नव्हती म्हणून."

तिने विचार केला. "दॅट्स रिअली मीन, आबा," ती म्हणाली. शांतपणे म्हणाली, शाळेतल्या एखाद्या मुलाबद्दल सांगावं तशी. मग तिने मला बाहेर जायला सांगितलं, कारण तिला मंगळवारपर्यंत नवं भाषण लिहायचं होतं. ती प्लास्टिकच्या पिशव्यांवर बोलली.

मावशी म्हणजे बायकोची धाकटी बहीण, पुण्यात असते. पुऱ्या आणि गुळपापडी तिच्याच घरी झाल्या होत्या. बायको गेल्यावर नातेवाईक तिला विचारायचे की नेमकं काय झालं, आणि ती प्रत्येकाला एकच सांगायची, भाऊजींना विचारा. मला वाटायचं, ती माझा मान राखतेय. दर दिवाळीला तिचा फोन यायचा, तब्येतीची चौकशी, दोन मिनिटं.

रविवारी दुपारी मी फोन लावला. तिकडे सकाळ होती, मागे कुकरची शिट्टी ऐकू आली. मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना वाक्यं आपोआप आली, आणि याचीही मला लाज वाटली. ती ऐकत होती.

"मला माहीत होतं, भाऊजी," ती म्हणाली.

काय माहीत होतं, मी विचारलं.

"तिचा उपास नव्हता ते. तिने मला केव्हाच सांगितलं होतं. स्कोन म्हणजे काय गं, असं विचारलं तर म्हणाली, खारी नानकटाई समज. हसून हसून पुरेवाट झाली होती आमची." ती थांबली. "इस्पितळातून तुमचा फोन आला आणि तुम्ही उपास म्हणालात, तेव्हाच मला कळलं की तुम्ही काहीतरी लपवताय. काय, ते कळलं नाही. पाच वर्षं मी वाट बघतेय."

तिने गॅस बंद केल्याचा आवाज आला.

"एक विचारू? ती पडली तेव्हा तुम्ही तिचा हात धरला होता, असं तुमचा मुलगा म्हणाला होता. हातातून सुटला म्हणे."

मुलाला मी बाकावर तसंच सांगितलं होतं. आणि पोहायच्या तलावावर, सगळं सांगताना, ते वाक्य मी बदललं नव्हतं.

"नव्हता धरला," मी म्हणालो.

"मग कुठे होतात?"

"पुढे."

"किती पुढे?"

"वळणाच्या पलीकडे. वर पोचलो होतो. ती दिसत नव्हती मला. कुणीतरी ओरडलं म्हणून खाली आलो."

ती रडत असावी, पण आवाज कोरडा होता. "म्हणजे एकटी होती," ती म्हणाली.

"हो."

"हे त्याला सांगितलंत?"

"नाही."

"मग आत्ता सांगा. मी फोन ठेवत नाहीये."

मुलगा मागच्या अंगणात गवत कापत होता. फोन तसाच चालू ठेवून मी दार उघडलं आणि बाहेर गेलो. यंत्राच्या आवाजात त्याला माझी हाक ऐकू गेली नसती, म्हणून मी त्याच्यासमोर जाऊन उभा राहिलो. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या फोनकडे, आणि यंत्र बंद केलं.